राजहंस जातिवंत की मिसळ? पैसा नरावर घाला

बाजारात विकणारा ‘अस्सल जातीचा आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा एवढंच सांगायचं असतं की पक्षी पांढरा आहे आणि मोठा आहे. जातीचा कागद ना त्याच्याकडे असतो, ना त्याने ज्याच्याकडून आणला त्याच्याकडे. देशी जातींची अधिकृत नोंद कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवते. राजहंसांत पहिली नोंद झाली ती काश्मीरच्या ‘अंझ’ची. आपल्याकडच्या परसात फिरणारे हंस बहुतांशी चिनी वळणाचे, कमी-अधिक मिसळ झालेले. तेव्हा विदर्भात शुद्धपणा ओळखायचे मार्ग दोनच: आई-बाप समोर बघणं, आणि पिल्लं मोठी होऊन एकसारखी दिसतात का ते बघणं. बाकी सगळं विकणाऱ्याच्या तोंडचं.

म्हणून ‘शुद्ध पाळू की मिसळ’ हा प्रश्न आम्हाला थोडा चुकीच्या टोकाने विचारलेला वाटतो. मादी कुठलीही असो, नर कोणता ठेवायचा आणि नोंद कशी ठेवायची, इथे सगळं ठरतं. एक नर चार माद्यांवर असेल तर त्या हंगामातल्या प्रत्येक पिल्लात अर्धा वाटा त्याचा असतो. चार जातिवंत माद्या विकत घेऊन त्यांच्यावर कुठला तरी नर सोडण्यापेक्षा गावातल्याच चार चांगल्या माद्या आणि एक पारखलेला नर कधीही परवडतो.

पक्षी हातात घेऊन काय बघायचं

पाळीव हंसांचे मूळ पूर्वज दोन. युरोपातल्या करड्या रानहंसापासून एम्बडेन, तुलूज वगैरे जाती झाल्या. आशियातल्या लांब मानेच्या रानहंसापासून (इंग्रजीत ‘स्वान गूज’) चिनी आणि आफ्रिकन जाती झाल्या. नाव आफ्रिकन असलं तरी मूळ आशियाचंच.

चोचीच्या मुळाशी कपाळावर असलेलं टेंगूळ सगळ्यांत आधी बघतात, पण मान जास्त खरं सांगते. युरोपीय रक्ताच्या पक्ष्याच्या मानेची पिसं उभ्या चरांत बसलेली असतात, नांगरल्यासारख्या रेघा दिसतात. चिनी हंसाची मान गुळगुळीत असते, आणि पक्षी तपकिरी असेल तर मानेच्या मागून डोक्यापासून पाठीपर्यंत गडद पट्टा उतरतो. मिसळ पक्ष्यात या दोन्हीच्या मधलं काहीतरी असतं: पुसट चर, बुटकं किंवा एका बाजूला कललेलं टेंगूळ, पट्टा अर्ध्यावर संपलेला. गळ्याखाली कातड्याची झोळ लोंबत असेल तर आफ्रिकन रक्त आहे, किंवा युरोपीय बाजूने तुलूजचं. टेंगूळही असेल तर आफ्रिकन धरा. निळे डोळे पाहून ‘एम्बडेन आहे’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, पांढऱ्या चिनी हंसाचेही डोळे निळे असतात.

एक फसगत नेहमी होते. दोन्ही पांढरे नर-मादी जोडले आणि पिल्लांच्या पाठीवर करडे डाग आले की मालक म्हणतो, शेजारचा नर येऊन गेला. तसं असेलच असं नाही. पांढऱ्या चिनी हंसाचा पांढरा रंग एका अप्रभावी जनुकामुळे येतो आणि एम्बडेनचा पांढरा रंग वेगळ्याच जनुकांमुळे. दोन्ही जोडले की पिल्लात रंग परत डोकावतो. म्हणजे आई-बाप दोन वेगळ्या घराण्यांचे. पण उलटही ध्यानात ठेवा: शुद्ध एम्बडेनच्या तरुण पक्ष्यांच्या पाठीवर पहिल्या वर्षी करडी पिसं असतात आणि पिसं झडून नवी आली की जातात. म्हणून रंगावरून पक्षी काढून टाकायचा निर्णय पहिली मोठी पिसझड होईपर्यंत थांबवा.

वजनाचा अंदाज असा: चिनी नर साधारण ५ किलो, मादी ४ ते साडेचार. एम्बडेन, तुलूज, आफ्रिकन हे ८-९ किलोच्या पुढचे. बाजारात ६-७ किलोचा टेंगूळवाला हंस ‘शुद्ध चिनी’ म्हणून दाखवला तर तो मिसळ आहे किंवा नुसता माजलेला आहे. छातीचं हाड चाचपून बघा, चरबी लगेच कळते.

मिसळीचं गणित

मस्कोव्ही (बदकाचीच एक वेगळी प्रजात) आणि साधं बदक यांच्या संकराला पुढे प्रजा होत नाही. हंसाचं तसं नाही. चिनी आणि युरोपीय हंसांचा संकर पूर्ण प्रजननक्षम असतो, म्हणून आपल्याकडे मिसळ इतकी खोल गेली आहे.

दोन वेगळ्या, शुद्ध घराण्यांची पहिली पिढी जोमदार आणि बरीचशी एकसारखी निघते. लोक इथेच फसतात. ती पिल्लं आवडतात, त्यांतलेच नर-मादी ठेवले जातात, आणि दुसऱ्या पिढीत एक पिल्लू आज्यावर, दुसरं आजीवर, तिसरं कुणावरच नाही असा प्रकार सुरू होतो. पहिल्या पिढीत आलेला संकराचा जोम दुसऱ्या पिढीत निम्म्यावर येतो. त्यात नर-मादी सख्खे भाऊ-बहीण असतील तर २५ टक्के अंतःप्रजनन एका फटक्यात वाढतं. बाप-मुलगी जोडली तरी तेवढंच, सावत्र भावंडांत साडेबारा टक्के. परिणाम अंड्यात आधी दिसतो: अंडी सफल असतात, पण पिल्लं आतच मरतात.

मिसळ कळप एका जातीकडे न्यायचा असेल तर दर पिढीला त्याच जातीचा, पण वेगळ्या घराण्याचा शुद्ध नर लावायचा. पहिल्या पिढीत ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, आणि चौथ्या पिढीला जवळपास ९४ टक्के. हंसाची पिढी दोन वर्षांची धरा, म्हणजे आठ वर्षांचं काम. एवढा धीर असेल तरच ‘जातिवंत करतोय’ म्हणायचं. नसेल तर चांगली मिसळ ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि परसासाठी मिसळ का बरी, ते हिशेबाने बघा. जड जातीची मादी हंगामात २५ अंडी देते असं धरू. त्यातली ६५ टक्के सफल, आणि सफल अंड्यांपैकी ७० टक्के फुटली, तर ११ पिल्लं. चिनी वळणाची मादी ४५ अंडी देते, ८० टक्के सफल, ७५ टक्के फुटली, तर २७. जड जातीची पिल्लं मोठी होतात खरी, पण अडीचपट मोठी होत नाहीत. त्यात आपला उन्हाळा. अकोला-चंद्रपूरला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा ९-१० किलोचा एम्बडेन चोच उघडून धापा टाकत सावलीत पडून असतो आणि नुसता जीव धरून राहतो. हंसाला घामाच्या ग्रंथी नसतात, उष्णता बाहेर टाकायची ती धाप लागून आणि पायांतून. हलका पक्षी ते निभावतो.

मांसासाठी जोड लावायचा तर अंडी देणारी बाजू हलकी असू द्या, म्हणजे चिनी वळणाची मादी आणि मध्यम-जड नर. उलट जोड लावला तर अंडी जड मादीइतकीच कमी येतात. नर फार जड नको, मादीच्या पाठीवर आणि पंखांच्या मुळाशी जखमा होतात. दीड फूट पाणी असलेलं टाकं दिलं की हा त्रास बराच कमी होतो, जड पक्षी पाण्यात सहज जुळतात. धानपट्ट्यात बोडी, म्हणजे छोटं तळं आहे, तिथे हा प्रश्नच नाही. कोरड्या गावात चार बाय सहा फुटांचा खड्डा करून जाड ताडपत्री अंथरली तरी काम भागतं, फक्त पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. हे पाणी परसातल्या झाडांना उत्तम.

नर

दोन वर्षांचा नर घ्या. पहिल्या वर्षीच्या नराची अंडी सफल करण्याची ताकद बेभरवशाची असते. पाच वर्षांनंतर उतरते. मादीचं वेगळं: कोंबडीच्या उलट, हंसाची मादी पहिल्यापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त आणि मोठी अंडी देते, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत चांगली राहते. तेव्हा पहिल्या हंगामाचा आकडा पाहून मादी विकून टाकू नका.

नर बघताना त्याला मोकळ्या जागेत २०-२५ पावलं चालू द्या. पाय आत वळत नाहीत ना, पाठ सरळ आहे ना, दोन्ही पंख अंगाला चिकटून बसतात ना. पंखाचं टोक बाहेर वळलेलं असेल तर नको. हा दोष बऱ्याचदा खाण्यामुळे येतो, पण आनुवंशिक नाही याची खात्री कशी देणार? मग त्याची आई किती अंडी देत होती ते विचारा. नर अंडी देत नाही, पण आईचा अंडी देण्याचा गुण मुलींकडे पोचवतो, आणि हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

प्रमाण: चिनी किंवा चिनी वळणाच्या मिसळीत एका नराला ४ ते ५ माद्या, जड जातीत २ ते ३. हंस जोड्या जमवतो, आणि एखादी मादी नराने नाकारली की ती हंगामभर वांझ अंडी देते. म्हणून गट गणपतीपर्यंत करून टाका. आपल्याकडे अंडी दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या सुमारास थांबतात, तोवर त्यांना एकमेकांची सवय व्हायला दोन महिने मिळतात. जुनी जोडी मोडायची असेल तर नुसतं जाळीपलीकडे ठेवून उपयोग नाही. दिसणार नाही, आवाजही येणार नाही इतकं लांब न्या, शक्य तर दुसऱ्या वस्तीवर.

शुद्ध आणि मिसळ एकाच परसात ठेवणार असाल तर मध्ये चार फुटी जाळी हवीच. नर बदलला तर पुढचे तीन आठवडे शुद्ध वंशासाठी अंडं ठेवू नका, आधीच्या नराचं बीज मादीच्या अंगात दोन आठवड्यांपर्यंत काम करू शकतं. ती अंडी खा.

अंतःप्रजनन टाळायचा साधा मार्ग म्हणजे दोन कुडं, म्हणजे कुंपण घातलेले दोन वेगळे कप्पे. अ कुडातले नर मोठे झाले की ब मध्ये, ब मधले अ मध्ये. माद्या जिथल्या तिथे. तीन-चार वर्षांनी एक नर बाहेरगावचा. शेजारच्या गावचा नको, तिथला नर बहुतेक तुमच्याच कळपातला निघतो.

अंडी

मादी बहुतेक पहाटे ते सकाळच्या सुरुवातीला अंडी घालते, एक दिवसाआड. म्हणून कळप साडेआठ-नऊपर्यंत सोडू नका, नाहीतर अंडी पऱ्हाटीच्या गंजीत आणि मुंगसाच्या पोटात. तीन माद्यांमागे एक दोन बाय दोन फुटांची पेटी किंवा जुना टायर, आत तणस किंवा गव्हाचं कुटार चार बोटं जाड. सोयाबीनचं कुटार टोचतं आणि लवकर ओलं होतं.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. मळलेलं अंडं कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश पेपरने पुसा. थंड पाण्याने धुवायचं नाही: अंडं आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. धुवायचंच असेल तर पाणी अंड्यापेक्षा कोमट. साठवण १३ ते १८ अंश, म्हणजे फ्रिज नको आणि पत्र्याच्या खोलीतला फडताळही नको. डिसेंबर-जानेवारीत मातीच्या घराचा उत्तरेकडचा कोपरा चालतो, फेब्रुवारीत मोठ्या परातीत ओली वाळू आणि त्यावर टोपलं. आडवी ठेवा, रोज उलटवा, सात दिवसांच्या आत बसवा. दहा दिवसांनंतर फुटण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि कुडाचं अक्षर. स्केचपेन नको.

उबवणी

खुडूक हंसिणीखाली ८ ते १२ अंडी बसतात, गावरानी कोंबडीखाली ४ किंवा ५. कोंबडीला एवढं जड अंडं फिरवता येत नाही, म्हणून ते काम तुमचं, दिवसातून तीनदा हाताने. मस्कोव्ही मादी सगळ्यांत भरवशाची, तिची स्वतःची अंडीच ३५ दिवस घेतात, त्यामुळे ती अर्ध्यावर उठत नाही. कोंबडी मात्र २१ दिवसांनंतर कंटाळू शकते, २२व्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवा.

चिनी हंसाला २८ ते ३० दिवस लागतात, जड जातीला ३० ते ३२ आणि कधी त्याहून जास्त. एकाच मशीनमध्ये दोन्ही एका दिवशी ठेवली तर हलकी आधी फुटायला लागतात, त्यांच्यासाठी ओलावा वाढवावा लागतो आणि जड अंड्यांना तो लवकर मिळून पिल्लं आत पाण्याने फुगतात. म्हणून जड अंडी दोन दिवस आधी बसवा.

पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश (९९.५ फॅरनहाइट), पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.२ च्या आसपास. आर्द्रता पहिल्या २७ दिवसांत ५० ते ५५ टक्के, शेवटच्या तीन दिवसांत ७० ते ७५. अंडी आडवी, दिवसातून निदान चार वेळा अर्धा फेरा. आठव्या दिवसापासून २५व्या दिवसापर्यंत रोज १०-१५ मिनिटं झाकण उघडून गार होऊ द्या आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. मादी खायला उठते तेव्हा हेच होतं.

आर्द्रतामापक स्वस्तातले असतात आणि खोटं बोलतात, म्हणून वजनावर भरवसा ठेवा. किराणा दुकानातला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. अंड्याचं वजन बाहेरून चोच मारेपर्यंत एकूण १२ ते १४ टक्के कमी व्हायला हवं. १५० ग्रॅमचं अंडं २८व्या दिवशी १२९ ते १३२ ग्रॅमवर यायला हवं, १४व्या दिवशी १४० च्या आसपास. १४५ असेल तर आत ओलावा जास्त आहे, पाण्याची ताटली काढा. १३५ असेल तर ताटली वाढवा. विदर्भात फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा असते, दुसरी चूक जास्त होते: पडदा सुकून चिकटतो आणि पिल्लू चोच मारून तिथेच अडकतं.

आठव्या-नवव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा. जिवंत असेल तर मोठ्या टोकाकडे एक काळा ठिपका आणि त्यातून चहूकडे निघालेल्या लाल शिरा, अंडं जरा कलवलं की ठिपका हलतो. नुसती पिवळी सावली म्हणजे वांझ. लाल कडं फिरलेलं दिसलं तर सुरुवातीला मेलेलं. पहिल्या दहा अंड्यांत निम्म्याहून जास्त वांझ निघाली आणि गट जमून महिना झाला असेल, तर दोष नराचा धरा आणि राखीव नर लावा. शिरा दिसून मरत असतील तर साठवण, तापमान किंवा रक्ताचं नातं तपासा. शेवटच्या तीन दिवसांत मरत असतील तर आर्द्रता.

फुटायला लागल्यावर २४ तास हात लावू नका. चोच मारल्यापासून बाहेर पडायला दीड-दोन दिवसही लागतात. ओढून काढलेलं पिल्लू नाभीतून रक्त जाऊन मरतं.

पिल्लांवर खूण

इथेच बहुतेकांची वंशावळ बुडते. महिन्याभरात सगळी पिल्लं सारखी दिसतात आणि ‘हे त्या मादीचं असावं’ सुरू होतं. पिल्लू कोरडं झालं की त्याच दिवशी पायाच्या पडद्याला खूण करा. प्रत्येक पायाला दोन पडदे, दोन्ही मिळून चार. छोट्या पंचने एखाद्या पडद्याला भोक पाडायचं किंवा नाही, असे १६ वेगवेगळे क्रमांक होतात. भोक छोटं पाडलं तर काही दिवसांत बुजतं, कापलेला तुकडा पूर्ण निघालाय ना बघा आणि जागेला पोव्हिडोन (जंतुनाशक) लावा. वहीत चार चौकोन काढून भरले की झालं.

पहिल्या आठवड्यात ३२-३३ अंश ऊब, मग आठवड्याला ३ अंश कमी. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी आहे, भिंतीला लागून धापा टाकत असतील तर ऊब जास्त. खाली पोतं अंथरा. वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. पाण्याचं भांडं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल, पण अंग भिजणार नाही इतकं अरुंद. मशीनमधल्या पिल्लांना आईच्या पिसांचं तेल मिळालेलं नसतं, पोहायला सोडली की भिजून गारठतात.

पहिले तीन आठवडे २० टक्के प्रथिनं, पुढे १५ टक्के. चौथ्या आठवड्यानंतरही ब्रॉयलरचं खाद्य भरपूर चालू ठेवलं की पिसं वजनदार होतात, मनगट ते पेलत नाही आणि पंख बाहेर वळतो. लगेच दिसलं तर पंख नीट घडी करून कापडी चिकटपट्टीने चार दिवस बांधा, खाद्य कमी करा, चारा वाढवा. महिना गेला तर बांधून फायदा नाही. दुसरी अडचण नायसिन या जीवनसत्त्वाची. हंसाच्या पिल्लाला किलो खाद्यात ५५ ते ६५ मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या खाद्यात अनेकदा तेवढं नसतं, मग गुडघे जाड होऊन पाय वाकतात. बी-कॉम्प्लेक्सचं प्रमाण पशुवैद्यकाकडून घ्या आणि पहिल्या दिवसापासून पाण्यात द्या.

आपल्या भागातले विषारी खाऊ

गोठ्यात सरकीची ढेप असतेच, आणि हात सहज तिकडे जातो. हंसाला देऊ नका. त्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकाने अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि अंडी-प्रजनन दोन्ही बिघडतं. कच्चं सोयाबीन भरडूनही नको, त्यात पचन रोखणारे घटक असतात. भाजलेलं किंवा तेल काढलेली सोयाबीन ढेप चालते. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका आणि शेंगदाण्याची ढेप तर सरळ फेका, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पाणपक्ष्यांना कोंबडीपेक्षा फार लवकर मारतं.

अंड्यावरच्या माद्यांसाठी १० किलो मिश्रण: भरडलेला मका ४.९ किलो, धानाचा कोंडा २, सोयाबीन ढेप १.६, तूर चुरी ७५० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ६०० ग्रॅम, खनिज मिश्रण १२० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. प्रथिनं साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम सव्वादोन ते अडीच. प्रत्येकी दीडशे ते दोनशे ग्रॅम, बाकी चारा. मका महाग वाटला तर थोडी कनकी घाला. हंगाम संपला की हे बंद, नुसती हराळी आणि मूठभर धान्य. माजलेली मादी पुढच्या वर्षी कमी देते.

चरायला कोवळं, आखूड गवत लागतं. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत हंस नुसतं तुडवतो. संत्र्याच्या बागेत, वरुड-मोर्शीकडे, मोठ्या झाडांखाली हंस छान काम करतात, फक्त दोन वर्षांच्या आतली कलमं राखा, साल सोलतात. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतले शेतकरी कापसात निंदणीला हंस सोडत, त्यातही हलके, चपळ पांढरे चिनी: ते गवत खातात, कापसाचं रुंद पान सोडतात. हे ऐकून आपल्या पऱ्हाटीत सोडायचा मोह होतो. पण आपल्या कापसावर जी फवारणी होते तिच्यात हे बसत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, पक्ष्याची काय कथा. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचं गवतही नको. पेरणीच्या दिवसांत रंगीत, औषध चोळलेलं बियाणं सांडलं असेल तर कळप कोंडून ठेवा.

आणि हो, ‘हंस असला की साप येत नाही’ असं म्हणतात, ते धरून चालू नका. हंस सापाला मारत नाही, ओरडतो. सांडलेल्या धान्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप, म्हणून खाद्य संध्याकाळी उचलून ठेवा.

हिवाळ्यात तलावांवर पट्टेरी राजहंस उतरतात तेव्हा कळप तिथे नेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात बर्ड फ्लूने वाघ आणि बिबट्या मेले, तेव्हा हा विषाणू आपल्या भागात फिरतो हे गृहीत धरा. दोन-तीन पक्षी एकदम मेले तर उघड्यावर फेकू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रानहंस पकडून ‘रक्त सुधारायला’ आणायची कल्पना कुणी सांगितली तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, हे त्याला सांगा.

कोण ठेवायचं, कोण विकायचं

बारा आठवड्यांना वजन करा आणि खूण बघून वहीत लिहा. पाय वाकडे, पंख वळलेले, वजनात तळाचे, ही पहिली छाटणी. दुसरी पिसझडीनंतर, रंग आणि टेंगूळ बघून. जास्तीचे नर पोळ्याच्या आत काढा, त्यानंतर जोड्या जमायला लागतात आणि मारामारीत चांगला नर जखमी होतो. ठेवायच्या माद्या निवडताना दिसण्याआधी आईचा अंड्यांचा आकडा बघा.

नर-मादी ओळखायला आवाज बरा: नराचा बारीक, चिरका, मादीचा जाड आणि बसका. चिनी वळणात नराचं टेंगूळ मोठं. पिल्लांत मात्र गुदद्वार तपासूनच कळतं, आणि ते जाणत्या माणसाकडून एकदा हात धरून शिका, जोर लावला की पिल्लू कायमचं दुखावतं.

विकताना चिठ्ठी द्या: फुटल्याची तारीख, पडद्याची खूण, बापाचं कूड, आईचं कूड, ‘शुद्ध’ की ‘मिसळ’ आणि कितव्या पिढीची. आई-बाप परसात उभे असतील तर दाखवा. लिंग तपासलेलं नसेल तर ‘जोडी’ म्हणून विकू नका, ‘दोन पिल्लं’ म्हणून विका.